विलासचा डबा

गुन्हेगारी का वाढते, या विषयावर मागच्या महिन्यात आमच्या खराडीतल्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सभा झाली. सभेला सामोसे होते. आमच्या गेटवरच्या सोपानवर कोयता चालला होता, त्याच्या डाव्या हाताची बोटं पुन्हा मिटतील की नाही हे डॉक्टरही सांगत नव्हते, आणि इथे माणसं चटणीच्या पुड्या दातांनी फोडत कारणं शोधत होती. एक म्हणाले, गरिबी. दुसरे म्हणाले, बाहेरून येणारे लोंढे; हे बोलणाऱ्यांचं स्वतःचं गाव वर्ध्याच्याही पलीकडे आहे. तिसऱ्या बाई संस्कार म्हणाल्या. त्या कुठल्याही विषयावर संस्कारच म्हणतात, गळक्या टाकीवरसुद्धा. मोबाईल, सिनेमा, बेकारी, पोलिसांची ढिलाई, सगळ्यांची नावं घेऊन झाली. ज्याने कोयता चालवला त्याचं नाव मात्र कोणी घेतलं नाही. मी मागच्या खुर्चीत बसले होते. या वयात मला कोणी मत विचारत नाही आणि मी ते दिल्याशिवाय राहत नाही, पण त्या दिवशी गप्प बसले. मला जे सांगायचं होतं ते सामोसा संपेपर्यंत आटोपणारं नव्हतं. ते कसब्यातल्या आमच्या खानावळीपासून सुरू होतं.

खानावळ म्हणजे पाटी वगैरे नव्हती. कसबा पेठेतल्या एका अरुंद गल्लीत पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पंगत, आतल्या खोलीत आमचा संसार, आणि दोन्हींच्या मध्ये आई. घरात पहाटे सगळ्यात आधी जाग यायची ती स्टोव्हला. आई पंप मारायची, पिन घालायची, पुटपुटायची आणि मग तो भर्रकन पेटायचा. त्या आवाजात मी आठवीपासून पुढचे सगळे अभ्यास केले. शेजारच्या आळीतून तांबटांचे ठोके यायचे, ते थांबले की दुपार झाली असं आम्ही समजायचो. आईचा स्वयंपाक साधा होता. भाकरी, आमटी, एक पालेभाजी, गुरुवारी कांदा न घातलेली मटकी. पण आमटीला ती गोडा मसाला असा घालायची की जिन्यात चढणारा माणूस दुसऱ्या पायरीवरच आज काय आहे ते ओळखायचा. जेवायला येणाऱ्यांना मेंबर म्हणायचे. कॉलेजची मुलं, कारखान्यातले दोघे-तिघे, एक एकटा मास्तर. आप्पा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांना कशाचीही भीती वाटायची. साहेबाची, शेजाऱ्याची, दारात आलेल्या तारेची. वाईट माणूस नव्हते. भित्रे होते, आणि भित्र्या माणसाच्या हातून काय काय होतं ते पुढे येईलच.

मेंबरांमध्ये एक पुंडलिक होता. यवतमाळकडचा. मांडव घालणाऱ्याकडे कामाला होता. उंच, काटकुळा, कंबरेला सुंभ कापायचा छोटा कोयता कायम खोचलेला. जिना चढून आला की तो कोयता काढून दाराबाहेर ठेवायचा, देवळात चप्पल ठेवावी तसा. खिडकीखालचा पाट त्याचा. आईला सगळे काकू म्हणायचे, हा एकटा माय म्हणायचा. "काहून वं माय, आज वरनात मीठ नाही काय?" असं त्याने विचारलं की बाकीचे मेंबर त्याची नक्कल करत हसायचे. पुणेरी माणसाला दुसऱ्याच्या बोलीचं फार हसू येतं. तोही हसायचा आणि मीठ घालून घ्यायचा. त्याच्याबद्दल मला याहून जास्त काही माहीत नाही, आणि हे मला आज लागतं. वर्षभर तो आमच्याकडे जेवला आणि त्याला लेकरं किती, हे आम्ही विचारलं नाही.

आमच्या खिडकीच्या बरोबर समोर तालीम होती. तांबड्या मातीचा वास दमट दिवसांत थेट आमच्या पानात यायचा. तालमीच्या दगडी पायरीला गल्ली फार मान द्यायची. आत मारुती होता, म्हणून पायरीवर चप्पल घालून बसायचं नाही असा दंडक. आणि त्या तालमीचं भूषण म्हणजे विलास. आमच्याहून दोन घरं पलीकडे तो आणि त्याची थोरली बहीण शकू राहायची. आईबाप लवकर गेले होते. कुस्तीत तो बेताचाच होता, पण त्याचा हात पटकन उठायचा आणि गल्लीला तेवढं पुरे होतं. शाळेत असताना त्याने एका मुलाच्या कपाळावर पाटी फोडली, तेव्हा लोक म्हणाले, वाघ आहे. मिसरूड फुटायच्या आत त्याने दुसऱ्या मंडळाच्या पोराचा दात पाडला, तेव्हा आमच्या गणपतीसमोर त्याच्या हातात मानाचा नारळ दिला. एखादा भाडेकरू उठत नसला की घरमालक विलासला चहाला बोलवायचा. निवडणूक आली की उमेदवार त्याच्या खांद्यावर हात टाकून गल्लीतून फिरायचा. त्याला कोणी पगार देत नव्हतं, कामधंदा देत नव्हतं. टाळ्या मात्र सगळे देत होते. माणूस टाळ्यांवर जगतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून कारणांच्या सभेत कोणी गरिबी म्हटलं की माझं डोकं फिरतं. गरीब त्या गल्लीत सगळेच होते, पुंडलिक तर सगळ्यांत गरीब.

आमच्या घरानेही त्याला वापरला. मी शाळेतून येताना एक टपरीवाला माझ्यामागे लागला होता, वाटेल ते बोलायचा. आईने आप्पांना सांगितलं, तुम्ही जाऊन त्याला दोन शब्द सुनवा. आप्पांनी दोन दिवस विचार केला आणि विलासला सांगितलं. त्या संध्याकाळी विलासने टपरीवाल्याचा हात कोपरापासून मोडला. गल्लीत वाहवा झाली. आप्पा घरी आले ते लढाई मारून आल्यासारखे. आईने विलासला बोलावून शिरा खायला घातला, केळं घातलेला, वर तुपाची धार. तो मांडी घालून बसला होता, दोनदा मागून घेतला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, आता बिनधास्त जायचं." मला त्या दिवशी फार सुरक्षित वाटलं होतं. आमच्या घरातला तो शिरा मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याला धरून आहे.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. दुपार उतरली होती. आई खिडकीत तांदूळ निवडत होती, मी आत स्टोव्हचा वायसर बदलत होते. पुंडलिक खांद्यावर वासे घेऊन गल्लीतून आला, दमला होता, वासे भिंतीला टेकवून तालमीच्या पायरीवर बसला. पायात चप्पल होती. विलास अंघोळ करून बाहेर आला आणि म्हणाला, ऊठ. पुंडलिक म्हणाला, "उठतो ना भाऊ, जरासा दम घेऊ दे." एवढंच. त्यात उद्धटपणा नव्हता. पण पानाच्या दुकानापाशी चौघे-पाचजण उभे होते, ते हसले. त्यांतला एक म्हणाला, "विलास, तुझ्या पायरीवर बसून तो तुलाच थांब म्हणतोय." पुन्हा हसणं. आईने पुढे आयुष्यभर हेच सांगितलं की तोपर्यंत विलासच्या तोंडावर राग नव्हता, हसणं ऐकल्यावर आला. त्याने वाकून पुंडलिकच्या कंबरेचा कोयता ओढला आणि त्याच्याच मानेवर घातला. मी ताटं पडावीत तसा आवाज ऐकला. ते वासे होते. खिडकीशी आले तेव्हा आईच्या मांडीवरचं सूप कलंडलं होतं आणि समोरच्या सगळ्या खिडक्या एकामागून एक लागत होत्या. आमची तेवढी उघडी राहिली. आई उठून ती लावायला विसरली, की तिने लावली नाही, हे मी तिला पुष्कळदा विचारलं. ती म्हणायची, लक्षात नाही.

पोलीस आले, विलासला धरून घेऊन गेले, घरोघर विचारून गेले. सगळी गल्ली त्या वेळी आत होती. पानवाला सुपारी कातरत होता, न्हावी वस्तरा परजत होता, घरमालक झोपले होते. आमच्याकडे शिपाई आला तेव्हा आप्पाच दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडे बायकामाणसं आहेत, ती खिडकीत येत नाहीत." आई आतून काही बोलली नाही. रात्री कोणी जेवलं नाही. मेंबरांची आमटी तशीच पडून आंबली.

तार मिळून तिसऱ्या दिवशी पुंडलिकचा बाप आला. गाडीतून उतरून थेट प्रेताजवळ आणि तिथून आमच्याकडे, कारण पोराने पत्रात खानावळीचा पत्ता लिहिला होता. डोक्याला पागोटं, पायाला भेगा. गल्लीत त्याने तीन-चार दारांत विचारलं होतं, कोणी पाणीही दिलं नव्हतं. उगाच पोलिसांना वाटायचं की ओळख आहे. आईने त्याला खिडकीखालच्या पाटावर बसवलं आणि भाकरी वाढली. त्याने ताटाला हात लावला नाही. म्हणाला, "कोनी पायलं काय वं माय?" आईने आप्पांकडे बघितलं. आप्पा मान हलवत होते, नको, नको. आई पदराला हात पुसत म्हणाली, "मी पाहिलं." आणि चपला घालून त्याच्याबरोबर चौकीत गेली.

परत आल्यावर आप्पांनी तिच्यावर आवाज चढवला. मी त्यांना पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं. "आपण कशाला पडायचं त्यात? वर्षभर जेवला, त्याचा-आपला संबंध संपला. इथे राहायचंय आपल्याला. मुलीचं लग्न करायचंय." आई म्हणाली, "मुलीच्या पायी त्याच विलासला तुम्ही चढवलंत, तेव्हा नाही पडलो आपण?"  

मग वस्ताद आले. तालमीचे वस्ताद म्हणजे गल्लीतला शेवटचा शब्द; त्यावर माणसाचं भलं किंवा वाईट ठरायचं. बरोबर शकू होती, डोळे सुजलेले. आम्हाला वाटलं, दमदाटी होणार. आप्पांनी खुर्ची पुढे केली. पण वस्ताद फार गोड बोलले. "वहिनी, तुम्ही चौकीत काय सांगितलंत ते आम्ही विचारत नाही. तुमचं मन मऊ आहे, म्हातारा रडला, तुम्ही बोललात. कोर्टाला अजून अवकाश आहे. सध्या एवढंच करा, पोराला येरवड्याचं अन्न घशाखाली उतरत नाही. घरचा डबा द्यायला कोर्टाची परवानगी मिळते. शकूला कामावर जायचं असतं. डबा तुमच्याकडचा द्या." मी आतून ऐकत होते. माझी कानशिलं तापली होती. आई आता काय उत्तर देते ते ऐकायला मी दाराशी आले, आणि आई म्हणाली, "देईन. भाकरी की पोळी?"

इथे आमच्या गल्लीने जी चूक केली, ती फक्त आमची गल्लीच करू शकली असती. अन्न म्हणजे शब्द, असं तिथे समजत. ज्याला जेवू घातलं त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून कोणी तपासूनही पाहिलं नाही. आईने डबा कबूल केला म्हणजे साक्ष मागे घेतली, असं सगळ्यांनी धरून टाकलं. वस्तादांनी, शकूने, आप्पांनी आणि मीसुद्धा. विलासच्या वकिलांनी आईच्या नावाने डब्याचा अर्ज करून परवानगी मिळवली. दुसऱ्या दिवसापासून घराची हवाच बदलली. नळावर बायका आईची बादली पुढे घ्यायला लागल्या. पानवाला आप्पांना आपण होऊन पान द्यायचा. आई चौकीत गेल्यावर सोडून गेलेले दोन मेंबर परत आले. गणपतीत आमच्या दारात मंडळाची आरती आणली, आणि आप्पा तो मान घेताना असे काही लाजले की मला त्यांची कीव आली.

माझा मात्र जीव जळत होता. सकाळी आई तो पितळी तीन पुडांचा डबा काढायची. खाली भाजी, मध्ये आमटी, वर पोळ्या, आणि पोळ्यांवर लोणच्याची फोड. शकू येऊन घेऊन जायची. संध्याकाळी डबा परत यायचा तो पुसून लख्ख.  एकदा मी आईला तोंडावर म्हटलं, "त्या पाटावर बसणाऱ्याला ज्यानं कापलं, त्याला तू लोणचं देतेस. लाज नाही वाटत?" ती पोळी भाजत होती. उलथनं खाली ठेवून म्हणाली, "वाटते. त्यानं माणसाचा हात मोडला तेव्हा मी त्याला शिरा केला होता, त्याची वाटते. तेव्हा त्याच्या कानाखाली दोन द्यायला हव्या होत्या. आता त्याची शिक्षा कोर्ट करेल. उपाशी ठेवायचं काम मला कोणी सांगितलेलं नाही." मला हे उत्तर पटलं नाही. खरं सांगायचं तर आजही अर्धंच पटतं. पण तिच्या उत्तरात कोर्ट हा शब्द आला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, इतकी मी चिडलेली होते.

शिवाजीनगरच्या कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा आईबरोबर मी गेले. आप्पांनी रजा टाकली होती, पण ते बाहेरच्या चहाच्या गाडीशीच थांबले. आत गल्ली आधीच येऊन बसली होती, एखाद्या लग्नाला यावी तशी. पानवाला म्हणाला, मी काही पाहिलं नाही, पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली. न्हावी तेच म्हणाला, शब्दही तेच. अशांना कोर्टात फितूर म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. दोघेही पिंजऱ्यातून उतरून वस्तादांच्या शेजारी जाऊन बसले आणि वस्तादांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पुंडलिकचा बाप भिंतीशी उकिडवा बसला होता. त्याला बाकावर बसा म्हणून कोणी म्हटलं नव्हतं.

आईचं नाव पुकारलं. ती जाऊन उभी राहिली. वस्ताद निवांत होते. सरकारी वकिलांनी विचारलं, काय पाहिलं? आणि आईने, मेंबरांना आजची भाजी सांगावी त्याच आवाजात, सगळं सांगितलं. वासे, चप्पल, दम घेऊ दे, पानाच्या दुकानापाशी कोण हसलं, कोण काय बोललं, कोयता कुठून काढला, कुठे घातला. मधे एकदाही थांबली नाही. मी मागे वळून गल्लीकडे पाहिलं. पानवाल्याचं तोंड उघडं होतं, आतला विडा दिसत होता. शकू अर्धी उठून उभी राहिली होती.

विलासचे वकील गडबडले, पण सावरले. त्यांनी म्हटलं, ही बाई खोटं बोलते आहे, हिचा तालमीवर राग आहे, मातीची धूळ पानात येते म्हणून हिने भांडणं केलेली आहेत, आरोपीशी हिचं वैर आहे. आई म्हणाली, "धूळ यायची, आणि मी भांडलेही. पण विलासशी माझं वैर नाही." वकील म्हणाले, "खोटं आहे." तेव्हा आई म्हणाली, "साहेब, तुम्हीच तर माझ्या नावानं अर्ज केलात. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत येरवड्यात जो डबा जातो तो माझ्या घरचा आहे. आज पण दिलाय. दोडक्याची भाजी आहे. वैर असतं तर पहाटे उठून त्याच्यासाठी फोडणी घातली असती का?" न्यायाधीश लिहीत होते, ते थांबले. त्यांनी चष्म्यावरून वकिलांकडे पाहिलं आणि विचारलं, "अर्ज आपलाच आहे ना?" वकील हातातले कागद चाळू लागले. ज्या डब्याने आईचं तोंड बंद झालं असं सगळी गल्ली समजत होती, त्याच डब्यामुळे तिच्या बोलण्यावर कोर्टाचा विश्वास बसला.

बाहेर व्हरांड्यात विलासला बेड्या घालून नेत होते. तो आईसमोर थांबला. त्याच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. तो गोंधळला होता. म्हणाला, "म्हणजे काकू, उद्यापासून डबा बंद?" आई म्हणाली, "कोर्ट बंद करेल तेव्हा. मी करणार नाही." तेवढ्यात वस्ताद पुढे आले. गोडवा कुठल्या कुठे गेला होता. "अन्न घालून मारलंत आमच्या पोराला, वहिनी. असं तर सापसुद्धा करत नाही." आईचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला. "मी आज मारला का त्याला? पाटी फोडली तेव्हा वाघ म्हणालात, दात पाडला तेव्हा नारळ दिलात. मी शिरा घातला. रोज थोडा थोडा आपण मारत होतो त्याला, आणि त्यात तो दुसरा गेला, ज्याचा काही संबंध नव्हता. मी माझ्या वाटणीचं बोलून मोकळी झाले. तुम्ही तुमच्या वाटणीचं कधी बोलणार?" शकू किंचाळून म्हणाली, "तुझ्या भाजीनं माझ्या भावाला फास लावलास, काकू."  एकट्या तिच्यापुढे आईने मान खाली घातली.

निकाल लागेपर्यंत आईने डबा स्वतः पोचवला, कारण शकूने हात लावायला नकार दिला. बसने येरवड्याला जायची, दारात उभी राहायची. काही दिवस डबा जसाच्या तसा परत आला. मग एक दिवस रिकामा आला. खाल्ला की ओतला, ते आम्हाला कधी कळलं नाही. जन्मठेप झाली आणि डबा थांबला. गल्लीने मग आमचा सूड घेतला, तोही पुणेरी पद्धतीने, अंगाला हात न लावता. हळदीकुंकवाला बोलावणं नाही. नळावर आईची बादली शेवटी. जिन्यात कोणीतरी रोज सकाळी खरकटं टाकायचं. मेंबर एकेक करून 'परीक्षा जवळ आली' म्हणत गेले. मास्तरसुद्धा गेले, त्यांची कसली परीक्षा होती कोण जाणे. आई सवयीने पीठ मळायची आणि भाकऱ्या उरायच्या. शेवटी आप्पांनी शहराबाहेर मांजरी गावात एका ओळखीच्याच्या शेताकडेला दोन खोल्या बघितल्या आणि आम्ही कसबा सोडला. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा समोरच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. त्या दिवशी सगळ्यांना दिसत होतं.

गल्ली सुधारली वगैरे झालं नाही. त्या पायरीवर विलासच्या जागी वर्षभरात दुसरा बसला, त्यालाही नारळ मिळाला. त्याने पुढे काय केलं ते मी विचारायला गेले नाही. आईला वाईट वाटलं का, तर वाटलं. मेंबरांचं वाटलं. गोड्या मसाल्याचा डबा ती मांजरीत कितीतरी दिवस भरून ठेवत होती. साक्षीचं मात्र कधी वाटलं नाही. मी आज तिच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढे आले आहे आणि एवढ्या वर्षांत वाचलेल्या कुठल्याही लेखात मला तिच्याहून शहाणं काही सापडलेलं नाही. फाशी द्या म्हणणारे मला भेटले, मुलं बिचारी आहेत म्हणणारेही भेटले. त्या दोघांतलाही कोणी चौकीच्या पायऱ्या चढलेला नव्हता.

आता सोसायटीचं. सोपानवर कोयता चालला तेव्हा मी बाल्कनीत तुळशीला पाणी घालत होते. संध्याकाळ होती, उजेड होता. तिघे होते, बाहेरच्या दोघांना मी ओळखत नाही. तिसरा, कोयता ज्याच्या हातात होता तो, आमच्याच बी विंगचा. वडील मोठ्या कंपनीत आहेत, आई क्लासेस घेते, घरात दोन गाड्या. सोपानने त्याच्या मित्रांची गाडी नाव लिहिल्याशिवाय आत सोडली नाही, हे कारण. मे महिन्यात या मुलाचा वाढदिवस पार्किंगमध्ये झाला होता. केक तलवारीने कापला. सभेत संस्कार म्हणणाऱ्या बाई पुढे उभ्या राहून मोबाईलवर चित्रण करत होत्या, चेअरमन टाळ्या वाजवत होते, आणि मुलगा तलवारीच्या टोकावर केकचा तुकडा घेऊन माझ्यापुढे आला, म्हणाला, "आजी, घ्या ना." मी मला मधुमेह आहे म्हणून सांगितलं. मला मधुमेह नाही.

माझी बाल्कनी गेटवरच उघडते हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सभेनंतर चेअरमन घरी आले. वस्तादांसारखेच गोड बोलले, फक्त इंग्रजी जास्त. कॅमेरा त्या दिवशी मेंटेनन्समध्ये होता म्हणे. "आजी, इट्स अ मॅटर ऑफ हिज करिअर." मी विचारलं, सोपानच्या बोटांचं करिअर कुठे असतं? ते हसले, मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मुलगा आणि सून रात्री माझ्या खोलीत आले. मुलगा आप्पांसारखाच मान हलवत होता. सून म्हणाली, "आई, आपल्याला इथेच राहायचंय. बाकी कोणी बोलत नाहीये, मग तुम्हीच का?" वाईट नाही ती, घाबरली आहे. सोपानला भेटायला मी दवाखान्यात गेले होते. तो मांजरीचाच निघाला. हात छातीशी धरून पडला होता. म्हणाला, "आजी, नाव लिहून घेनं हेच काम हाय माजं. त्यात काय चुकलं?" मी म्हटलं, काही चुकलं नाही.

उद्या सकाळी मी चौकीत जाणार आहे. रिक्षा सांगून ठेवली आहे. सुनेने आज संध्याकाळी पुन्हा विषय काढला, जरा वेगळ्या बाजूने. माझ्या आईची ती डब्याची गोष्ट तिला माहीत आहे. म्हणाली, "मग त्याला आत टाकलं तर तुम्हीही डबा पाठवाल का?"  पार्किंगमधल्या त्या टाळ्या आठवल्या, तलवारीच्या टोकावरचा केक आठवला, आणि सोपानचा पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला हात. म्हटलं, नाही गं. माझी आई दोन्ही करू शकली. मला एकच जमेल.